बोटीचा डेक निसरडा का होतो, आणि त्याची खरखर कशी टिकवावी

तुमची बोट तारकर्लीला पर्यटकांसाठी चालते. २८ फुटी, फायबरची, सहा वर्षं जुनी. डेकवर साच्यातूनच आलेली शंकरपाळ्यांची नक्षी आहे, पण ती आता पाय धरत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आधी, तुम्ही वाळू घातलेला रंग मारून घेतला आणि दिवाळीपर्यंत त्याचे पापुद्रे निघाले. गेल्या आठवड्यात एक पर्यटक बाई घसरल्या, हात मोडायचा थोडक्यात वाचला. आता कोणी सांगतं फोमची चिकटवायची चटई लावा, कोणी सांगतं परत रंग मारा. काय करू आणि केलेलं टिकवू कसं, असं तुम्ही विचारलंय. उत्तर लांबणार आहे, पण विषय माणूस पडण्याचा आहे, अर्धवट सांगून चालणार नाही.

मी देवगड ते वेंगुर्ला या पट्ट्यात २६ वर्षं फायबरच्या होड्यांचं काम करतोय. मच्छीमारीच्या जास्त, अलीकडे पर्यटनाच्याही बऱ्याच. इतक्या वर्षांत झिजून गुळगुळीत झालेले डेक मी मोजकेच पाहिले. बाकीचे सगळे भरलेले होते. शंकरपाळ्यांच्या मधल्या खाचांतून पाणी वाट काढतं आणि तळपायाला उंचवटे मिळतात, म्हणून पाय धरतो. खाचा भरल्या की उंचवटे जागेवर असूनही त्यांचा उपयोग संपतो. पाण्याचा पातळ थर पायाखाली अडकतो आणि माणूस त्या थरावरून जातो. त्यामुळे नवीन काही लावण्याआधी तुमचा डेक झिजलाय की भरलाय, एवढं आधी ठरवा. माझा अंदाज भरलाय असाच आहे.

ते बघायचं असं. रात्री बोटीवर जा, मोबाइलची टॉर्च डेकवर आडवी ठेवा, म्हणजे उजेड जमिनीलगत तिरका जाईल. गुडघे टेकून डोळा खाली न्या. चांगल्या डेकवर प्रत्येक शंकरपाळ्याची सावली वेगळी दिसते. भरलेल्या डेकवर सावल्या पुसट होतात, मधे पिवळट-तपकिरी साय धरल्यासारखं दिसतं. आता बांबूची एक कामटी घ्या, टोक तासा आणि एका खाचेतून ओढा. कामटीच्या पुढे मऊ वळी गोळा होईल. ती बोटांत चुरून बघा. मीठ कचकचेल, थोडा चिकटपणा लागेल, आणि रंग तांबूस असेल. पर्यटकांच्या अंगाचं सनस्क्रीन, साबणाचा राहिलेला अंश, मिठाचे खडे, आणि पार्किंगपासून पायांना लागून आलेली आपली तांबडी माती. तुमच्या बोटीवर यात गेल्या वर्षीच्या रंगाचे तुकडेही सापडतील, कारण सुटलेला रंग उंचवट्यांवरून आधी जातो आणि खाचांत धरून बसतो.

मला काम शिकवणारे मिस्त्री मालवणचे होते. नवीन बोट दाखवायला कोणी घेऊन गेलं की ते चप्पल काढायचे, डेकवर बादलीभर पाणी ओतायला लावायचे आणि म्हणायचे, "नुसता बघान कळाचा नाय, पाय ठेवन बघ." कोरड्या डेकवर सगळ्याच बोटी चांगल्या वाटतात. ओला करून, अनवाणी, टाच आणि चवडा दोन्ही दाबून फिरा. जिथे सरकतो तिथे खडूने गोल करा. सगळा डेक क्वचितच वाईट असतो. वाईट जागा चार-पाच निघतात, आणि त्या बहुतेक ठरलेल्या असतात. स्कुबाची शिडी वर येते तिथली जागा, जेटीवरून माणूस उतरताना पहिलं पाऊल टाकतो ती, इंजिनाजवळची, आणि डेकमधल्या कप्प्यांची झाकणं. झाकणांकडे कोणाचंच लक्ष नसतं. चांगल्या खरखरीत डेकवरून चालत आलेला माणूस बेसावध असतो आणि गुळगुळीत झाकणावर पाय पडला की जातो. पर्यटक बाई नेमक्या कुठे घसरल्या ते आठवून बघा.

आता धुणं. डेक आधी साध्या पाण्याने भिजवा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. मीठ विरघळायला वेळ लागतो, कोरड्यावर ब्रश मारला तर तेच खडे जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या वरच्या घट्ट थराला, ओरखडे पाडतात. मग पाण्यात भांड्यांचा पातळ साबण, मध्यम कडक नायलॉनचा ब्रश, आणि हात गोल फिरवत घासा. सरळ रेषेत घासलं तर ब्रशचे केस उंचवट्यांवरून सरकतात, खाचेच्या कोपऱ्यात जात नाहीत. एका वेळी सुपाएवढी जागा घ्या, घासा, लगेच पाणी ओता, पुढे सरका. साबण डेकवर वाळला तर तुम्ही घाण काढून तिच्या जागी साबण भरला, एवढंच झालं. गाड्या धुण्याचा चमक आणणारा शॅम्पू अजिबात नको, त्यात मेण असतं. तारेचा ब्रश किंवा तारेची घासणी पण नको. तिचे बारीक तुकडे खाचांत अडकतात आणि आठ दिवसांत सगळ्या डेकवर गंजाचे ठिपके उठतात.

मासळीच्या बोटीवाल्यांनी एक गोष्ट पाळावी. रक्त आणि बुळबुळीत स्राव आधी थंड पाण्याने काढा. गरम पाणी मारलं तर ते शिजतं आणि घट्ट बसतं, अंड्यातला पांढरा बलक तव्याला धरतो तसं. बंदरात लागेपर्यंत थांबू नका. जाळं वर आलं, मासळी निवडून झाली की लगेच समुद्राच्याच पाण्याच्या चार बादल्या ओता. खारं पाणी चालतं. शेवटचं पाणी गोडं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी वाळलेल्या रक्तापेक्षा मीठ बरं. डिझेल किंवा हायड्रोलिक तेल सांडलं तर पाणी ओतू नका, त्याने ते पसरतं. लाकडाचा भुसा टाका, पायाने दाबा, झाडून डब्यात भरा, मग साबण.

डाग राहिले तर ते कशाचे आहेत हे बघून औषध घ्या. तांबडी माती, गंज, ओल्या झावळ्यांचा तपकिरी डाग, यांना ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. केमिकलच्या दुकानात पांढरी पूड मिळते. लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम, हातमोजे आणि चष्मा घालून, दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग भरपूर पाणी. ही पूड पोटात गेली तर विष आहे, मिठासारखी दिसते म्हणून बोटीच्या स्वयंपाकाच्या सामानात कधी ठेवू नका. हिरवं-काळं शेवाळ असेल तर घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, दहा मिनिटं आणि स्वच्छ धुणं. ब्लीच स्टीलला आणि ॲल्युमिनियमला खातं, तेव्हा रेलिंग आणि खुंट्यांवर आधी पाणी ओतून घ्या आणि नंतरही ओता. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र करायचं नाही, क्लोरीनचा वायू निघतो. संडासाचं ॲसिड डेकवर ओतणारे लोक मी बघतो तेव्हा मला राग येतो. डाग जातो, पण जेलकोटचा वरचा घट्टपणाही जातो, तो सच्छिद्र होतो, आणि पुढच्या महिन्यात दुप्पट घाण धरतो. ब्लीच मारलेल्या जागेवर ते ओतलं तर श्वासाचीच अडचण.

धुऊन, पूर्ण वाळवून, परत ओला करून पाय ठेवा. तुमच्या खडूच्या गोलांतले निम्मे गोल तिथेच पुसले जातील, असं मला वाटतं. एक मगभर पाणी ओतूनही बघा. पाणी सपाट पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब होऊन गोळा झालं तर अजून मेण किंवा तेल आहे.

मेणाबद्दल माझाच एक अनुभव सांगतो, कारण ती चूक मी केली होती आणि ती मला अजून टोचते. काम सुरू केल्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. देवगडला एका नव्या बोटीची पूजा होती, मालकांना बोट चकचकीत हवी होती. मी बाहेरच्या अंगाला पॉलिश मारलं आणि उरलेलं डेकवरही फिरवलं. पूजेच्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या पहाटे त्या बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, बर्फाचा क्रेट उचलून चालला, पाय गेला, गुडघा खुंट्यावर आपटला. दोन महिने तो समुद्रावर जाऊ शकला नाही. त्या घराचं तेवढं उत्पन्न बुडालं ते माझ्या हाताने. बाहेरच्या अंगाला पॉलिश जरूर मारा, पण पाय पडतो तिथे मेणाचं बोटही लागू देऊ नका. कडेला पॉलिश करताना डेकवर कापड अंथरा.

आता गेल्या वर्षीचा रंग का सुटला. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तीन कारणं दिसतात आणि तिन्ही एकत्र आली असणार. पहिलं ऑगस्ट. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, म्हणून सगळे जण जुलैअखेर-ऑगस्टमध्ये घाईने रंग मारतात. हवेत तेव्हा इतका दमटपणा असतो की फायबरवर डोळ्यांना न दिसणारं दव कायम बसलेलं असतं. तुम्ही रंग फायबरला लावत नाही, पाण्याला लावता. दुसरं, खाली सनस्क्रीन आणि साबणाचा तो थर. तिसरं, बहुधा साधा एनॅमल रंग. तो फायबरवर प्रायमरशिवाय धरत नाही, आणि पाण्यात सतत भिजला की मऊ पडतो.

वाळू कुठली होती ते तुम्ही लिहिलं नाही. किनाऱ्यावरची असेल तर चौथं कारण तेच. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, रंगाखाली अडकलेलं मीठ ओलावा ओढतं आणि फोड येतात. शिवाय लाटांनी घासून ती वाळू गोल झालेली असते, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो पायाखाली फुटतो. रत्नागिरीजवळच्या भाट्ये, काळबादेवीकडची काळी वाळू तर लोहाच्या खनिजांची, ती डेकवर नकोच. आपल्या जिल्ह्यात कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. धुतलेली, वाळवलेली, चाळलेली सिलिका वाळू पोत्यांत मिळते. ३० ते ६० मेश (चाळणीचा नंबर) मागा, म्हणजे कण साधारण पाव ते अर्धा मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याहून जाड कण बोटीवर लावायची गरज नाही.

इथे थोडं थांबतो, कारण किती खरखर हवी हा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. रंगाच्या डब्यांवरच्या सूचना बहुधा बूट घालून काम करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. आपले खलाशी अनवाणी असतात, तुमचे पर्यटकही पाण्यातून वर येतात तेव्हा अनवाणीच, आणि पाण्यात भिजून त्यांचे तळवे मऊ झालेले असतात. जाड, धारदार कण लावला तर कोणी घसरणार नाही, पण पोरांचे गुडघे सोलतील. मासळीच्या बोटीवर अजून एक हिशोब असतो. जाळं ज्या वाटेने ओढलं जातं तिथे खरखर दिली तर नायलॉनची जाळी महिन्याभरात कुरतडली जातात. मी एका गिलनेटच्या बोटीवर आख्ख्या डेकला वाळू दिली होती. मालकाने आठ दिवसांत बोलावून घेतलं आणि जाळ्याचा फाटलेला तुकडा हातात दिला. तेव्हापासून मी आधी विचारतो, जाळं कुठून येतं, क्रेट कुठून सरकवता, माणूस कुठे उभा राहतो. उभं राहायच्या जागेला वाळू, ओढायच्या जागेला गुळगुळीत. तुमच्या बोटीसाठी माझी निवड बारीक वाळू किंवा प्लॅस्टिकचे बारीक मणी ही राहील. मणी हलके असल्यामुळे रंगात तरंगतात, तळाला बसत नाहीत, आणि त्वचेला सौम्य लागतात. महाग पडतात, सगळीकडे मिळतही नाहीत. नाही मिळाले तर ६० मेशकडची वाळू.

जुना रंग एका डब्याचा एनॅमल आहे की दोन डब्यांचा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, हे आधी तपासा. फडकं थिनरमध्ये बुडवून रंगावर पाच-दहा मिनिटं ठेवा. रंग मऊ झाला, फडक्याला लागला, तर एनॅमल. त्यावर दोन डब्यांचा रंग मारला तर खालचा रंग सुरकुत्या पडून उचलला जातो, तेव्हा तो पूर्ण काढावाच लागेल. काढताना बाजारातलं साधं रंग काढायचं केमिकल वापरू नका, ते जेलकोटमध्ये शिरतं. प्लॅस्टिकची खरवडणी, मग ८० नंबरचा घासायचा पेपर. शंकरपाळ्यांत पेपर जात नाही, तिथे कडक नायलॉन ब्रश आणि हिरवी घासणी, वेळ लागेल.

पण घासण्याच्या आधी मेण पुसायचं, हा क्रम चुकवू नका. दोन फडकी घ्या, एक थिनरमध्ये ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने पुसा आणि ते वाळण्याआधी कोरड्याने उचला. फडकी सारखी बदलत राहा. आधी पेपर मारला तर मेण ओरखड्यांत आत दाबलं जातं आणि मग कुठलाही प्रायमर तिथे धरत नाही.

त्याच वेळी डेक वाजवून घ्या. स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा रुपयाचं नाणं घेऊन वीतभर अंतराने ठोकत जा. टणटण आवाज असेल तर ठीक. कुठे बद्द आवाज आला, किंवा पाय दाबल्यावर डेक किंचित खाली गेला, तर आतल्या प्लायवूडमध्ये पाणी शिरलंय. खुंटा, रेलिंग, खुर्ची जिथे स्क्रूने बसवलीय तिथे हे आधी होतं. स्क्रूखालून तपकिरी ओघळ आला असेल तर ती त्याचीच खूण. अशा जागेवर रंग चढवणं म्हणजे कुजलेल्या फळीवर शेणसारवण. ती जागा उघडून, वाळवून, फायबर घालून घ्या, मग पुढचं.

रंगाची वेळ. सकाळी दव असतं, म्हणून नऊ-साडेनऊच्या आधी डबा उघडू नका. हाताचा मागचा भाग डेकला लावा, थंड-दमट लागला तर अजून थांबा. दुपारी बारा ते तीन उन्हात फायबर इतकं तापतं की रंग रोलरखालीच ओढला जातो आणि बुडबुडे येतात. शिवाय दुपारी खारे वारे सुटले की किनाऱ्यालगत मिठाचे तुषार ओल्या रंगावर बसतात. सकाळी मतलई पडल्यावर आणि खारे वारे जोर धरण्याआधी जो वेळ मिळतो तो आपला. झावळ्यांचा मांडव किंवा ताडपत्री उंच बांधून सावली केलीत तर दुपारही वापरता येते. संध्याकाळच्या दवाच्या आत रंग निदान हाताला न चिकटण्याइतका वाळला पाहिजे. दोन कोटांच्या मधे रात्र गेली तर सकाळी गोड्या पाण्याने डेक पुसून, वाळवून मगच दुसरा कोट.

आधी इपॉक्सी प्रायमर, त्याच्यावर दोन डब्यांचा पॉलियुरेथेन. इपॉक्सी उन्हात पिठासारखं होतं, त्याला उघडं ठेवायचं नाही. आपले बरेच कारागीर पॉलिस्टर रेझिनवर हात बसलेले असतात, तिथे हार्डनर हवामानाप्रमाणे एक-दोन टक्क्यांत कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीत आणि पॉलियुरेथेनमध्ये ते चालत नाही. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, मोजून. हार्डनर जास्त घातला म्हणून थर लवकर वाळत नाही, उलट बिघडतो. आणि रेझिनचं काम निघालंच तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी ओतू नका, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीला वाईट. उघड्या हवेत रोलरनेच मारा, फवारा नको, आणि कापडाच्या रुमालावर न राहता वायूसाठीचा कार्ट्रिजचा मास्क लावा. दम्याच्या माणसाला या कामाला लावू नका.

कडेला, खुंट्यांभोवती आणि पाणी वाहून जायच्या वाटेत चार बोटं जागा गुळगुळीत सोडून टेप लावा, कोपरे गोल करा. टोकदार कोपरा पहिल्यांदा उचकटतो. प्रायमर डब्यावर दिलेल्या वेळेत झाकला गेला पाहिजे, वेळ उलटली तर परत हलका पेपर. मग रंगाचा पहिला कोट जरा भरून मारायचा आणि ओला असतानाच वाळू टाकायची. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेला डबा घ्या आणि हात वर धरून, पिठी भुरभुरवतो तशी टाका. जवळून टाकली तर ढीग होतात. रंग दिसेनासा होईपर्यंत टाकत राहायचं, काटकसर करायची नाही. इथेच लोक चुकतात. ते थोडी-थोडी टाकतात आणि ठिकठिकाणी टक्कल पडतं. रंगाला जेवढी हवी तेवढी तो धरतो, बाकीची दुसऱ्या दिवशी झाडून निघते. तुमच्या डेकला दहा किलो आणा, निम्मी परत येईल. झाडून, व्हॅक्यूम मारून, सुटे कण हाताने चाचपून, मग वरून दोन पातळ कोट. पातळच. तिसरा कोट मारायचा मोह होतो, रंग उरलेला असतो, पण तो कोट खाचा भरतो. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी ओढून काढा. एक दिवसाने अनवाणी चालायला हरकत नाही, पण सामान, चटया आणि पाणी साचणं आठवडाभर टाळा.

रंग फिका राखाडी किंवा मळकट पिवळा घ्या. गडद रंगावर एप्रिलमध्ये पाय ठेवता येत नाही, आणि पांढऱ्याशुभ्र डेकवरून ऊन डोळ्यांत जातं.

आणि दर नारळी पौर्णिमेला डेकवर नवा हात मारायची पद्धत सोडा. बाहेरून बोट दरवर्षी रंगवा, समुद्राला नारळ द्यायला जाताना ती सजलेली असावी हे मलाही वाटतं. पण डेकला दरवर्षी एक कोट म्हणजे पाच वर्षांत पाच थर, आणि तेव्हा वाळू कुठे आहे ते हाताने शोधूनही सापडत नाही. मधल्या काळात पाय घसरला तर फक्त घसरणाऱ्या जागा घासून तिथेच परत वाळू द्या.

फोमच्या चटईचं. ती वाईट नाही. बसायच्या जागी, लहान मुलं असतात तिथे, गुडघ्यांना छान. पण ती गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटते. तुमच्या शंकरपाळ्यांवर लावली तर गोंद फक्त उंचवट्यांना धरेल आणि खालच्या खाचांत पाणी फिरत राहील. लावायची तर तिथली नक्षी घासून, भरून सपाट करावी लागेल, म्हणजे साच्यातून आलेली चांगली वस्तू कायमची घालवायची. मी तुमच्या जागी असतो तर झाकणांवर तेवढी लावली असती, कारण ती आधीच गुळगुळीत आहेत. कोपरे गोल कापा, कडा सील करा, पेट्रोल आणि ॲसिटोन लागू देऊ नका. नांगर ठेवता तिथे लावू नका, नांगराच्या नाकाने ती फाटते. सुट्या रबरी चटया मात्र बोटीवरून उतरवून टाका. त्या स्वतःच सरकतात आणि खाली शेवाळ पोसतात. शिडीच्या पायऱ्यांना वाळूची चिकटपट्टी लावा, किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. काथ्या खाऱ्या पाण्यात बराच टिकतो, ओला असताना पाय उत्तम धरतो, आणि खराब झाला की दोनशे-तीनशे रुपयांत बदलता येतो.

लाकडी डेकवाल्यांसाठी थोडक्यात. सागवानाला रेषांच्या आडवं घासा, मऊ ब्रशने. रेषांच्या दिशेने घासलं किंवा प्रेशर पंप मारला तर मऊ भाग उडून जातो आणि कठीण रेषा वर येतात, मग डेक दरवर्षी पातळ होत जातो. सागाला व्हार्निश लावू नका, ओलं झालं की काच होते.

पावसाळ्यात बोट वर काढल्यावर डेकचं जे होतं ते वर्षभराच्या वापराने होत नाही. ताडपत्री डेकवर सपाट टाकून बांधली की खाली वाफ कोंडते, रंगाला फोड येतात, शेवाळ माजतं. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत बांबूचा कणा उभा करा, ताडपत्री त्यावरून दोन्ही बाजूंना उतरती सोडा, दोन्ही टोकं वाऱ्याला उघडी ठेवा. झाप वापरत असाल तर तोही कण्यावर, डेकला टेकू देऊ नका, त्याचं तपकिरी पाणी डाग पाडतं. बोटीची नाळ जरा उंच ठेवा, मागची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करून घ्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा आत डोकावून बघा. बोट वर घ्यायच्या आधी डेक गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मीठ राहिलं तर तीन महिने डेक ओलाच राहतो.

तुमच्यासाठी वेळ मी अशी लावेन. धुणं आणि झाकणांचं काम याच आठवड्यात, बोट चालू ठेवून, संध्याकाळी. शिडीच्या पायऱ्या उद्याच. त्यानंतर ओल्या डेकवर पाय ठेवून जे गोल शिल्लक राहतील, त्यांचंच रंगाचं काम फेब्रुवारीत काढा. तेव्हा परीक्षांमुळे सोमवार ते शुक्रवार पर्यटक कमी असतात, हवा कोरडी असते, दवही लवकर उठतं. सोमवारी घासणं आणि प्रायमर, मंगळवारी वाळू, बुधवारी वरचे दोन कोट सकाळ-दुपार मांडवाच्या सावलीत, आणि पुढचा आठवडा बोट बंद. शनिवार-रविवारचं भाडं सोडावं लागेल, ते सोडा. ज्या कोपऱ्यात बाई घसरल्या तो भाग तोपर्यंत दोरी लावून बंद ठेवा, आणि पाण्यातून वर येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला तुमच्या पोराने हात द्यावा.